पाच दिवस झाले, घोडे तोंड लावत नाहीत

ताई, नमस्कार.
मी मांजलपूरला राहतो. वय चौसष्ट, बँकेतून निवृत्त. आमच्या चिरंजीवांना खाऱ्या पाण्यातल्या माशांचा नाद. वर्षभरापूर्वी हॉलमध्ये तीन फुटी टाकी आली, तिच्यात दोन क्लाउन आणि एक निळा डॅमसेल आहे. मागच्या आठवड्यात त्याने मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्मोकोलच्या खोक्यात तीन सीहॉर्स आणले आणि दुसऱ्याच दिवशी नव्या नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेला. जाताना म्हणाला, "बाबा, रोज चिमूटभर दाणे टाकत जा." दाणे मी टाकतो, क्लाउन खातात. घोडे ढुंकून बघत नाहीत. इथल्या दुकानातून ट्युबीफेक्सच्या अळ्या आणल्या, त्याही तशाच पडून राहिल्या. दुकानदार म्हणतो गोठवलेली कोळंबी आणा. पण आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही, सौ. फ्रीजमध्ये कोळंबी ठेवू देणार नाही. आज पाचवा दिवस. एक घोडा तळाशी बसलाय, दोघे फिल्टरच्या नळीला शेपूट गुंडाळून आहेत. मुलगा फोनवर म्हणतो, "सेटल होतील." होतील का? सौ. म्हणते, मुकं जनावर घरात उपाशी मरणं चांगलं नाही.
— एक हवालदिल बाबा, बडोदे

काका,

आजच्या आज करायचं ते आधी सांगते, बाकीचं मग बोलू.

दोन्ही क्लाउन आणि तो निळा डॅमसेल संध्याकाळपर्यंत त्या टाकीतून बाहेर काढा. साबण कधीच न लागलेली मोठी बादली किंवा टब घ्या, त्यात टाकीतलंच पाणी भरा, हवेच्या पंपाला जोडलेला बुडबुडे सोडणारा दगड सोडा आणि रोज थोडं पाणी बदला. काही दिवस काढतील ते तिथे, काटक असतात. घोडे मात्र त्यांच्या पंक्तीला बसून जेवूच शकत नाहीत. लग्नाच्या बुफेत घाईची माणसं ताटं भरून घेतात आणि एखाद्या आजी हातात रिकामी ताटली घेऊन उभ्या राहतात, तसं होतं. त्यातून डॅमसेल हा गल्लीतला दादा. तो नुसता भोवती फिरत राहिला तरी नवा घोडा शेपटीची पकड सोडत नाही.

दुसरं, ट्युबीफेक्स बंद. त्या अळ्या घाण पाण्यात वाढतात आणि येताना तिथले जंतू घेऊन येतात. पडून राहिलेल्या असतील तर नळीने ओढून काढा. सुके दाणेही बंद, ते तळाशी कुजून पाणी बिघडवतात. तिसरं, टाकीतला दिवा आजच्यापुरता बंद ठेवा, खिडकीचा उजेड पुरे.

आता चिरंजीवांचं 'सेटल होतील'. ते अर्धं खरं आहे. पिशवीतला अंधार, गाडीचे धक्के, वेगळं पाणी, यातून आलेला समुद्रघोडा पहिले दोन-तीन दिवस खात नाही, हे नेहमीचंच. पण हा उपास सोसणारा मासा नव्हे. त्याला जठर नसतं आणि दातही नसतात. नळीसारख्या तोंडातून आत गेलेलं थेट आतड्यात जातं आणि भराभरा पुढे सरकून बाहेर पडतं. साठवण नाहीच. म्हणून समुद्रात तो उजाडल्यापासून मावळेपर्यंत थोडंथोडं टिपत असतो. अंगाने भरलेला मोठा घोडा पाच दिवस काढेल. आठवडा उलटला की मात्र मी 'सेटल होईल' म्हणणाऱ्याचं ऐकणार नाही.

एवढं ठासून सांगते, कारण मी स्वतः एक घोडा उपाशी मारलाय. १९९९ सालची गोष्ट. मी सायन्स फॅकल्टीला होते आणि आम्ही बडोद्याच्या वाडी भागात राहायचो. बडोद्याच्या पोरांना समुद्र म्हणजे काय, तर कमाटी बागेच्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा. त्यामुळे एका दुकानदाराने बोटभर लांबीचा जिवंत समुद्रघोडा दाखवला तेव्हा शिकवणीचे साठवलेले सगळे पैसे मी काउंटरवर ठेवले. "फ्लेक्स खातो," तो म्हणाला. मी ते फ्लेक्स, म्हणजे सुक्या खाद्याचे पापुद्रे, टाकायचे. घोडा एका डोळ्याने पडणाऱ्या प्रत्येक तुकड्याकडे बघायचा, तुकडा खाली जाईल तसा डोळाही खाली खाली जायचा. तुकडा वाळूवर टेकला की डोळा परत वर. मला वाटायचं, हट्टी आहे, भूक लागली की खाईल. अकराव्या दिवशी सकाळी तो प्लास्टिकच्या गवताला शेपूट गुंडाळून रोजच्यासारखाच उभा होता. तो मेलाय हे मला दुपारी कळलं.

तो हट्टी नव्हता. त्याच्या लेखी टाकीत अन्न आलंच नव्हतं. हलत नाही ते त्याचं अन्न नाही, एवढी एकच खूण तो जन्मापासून ओळखतो. जे वाळूवर निपचित पडलं ते त्याला खडा. पुढे दोन वर्षं मी एका मत्स्यालयाच्या मागच्या खोल्यांमध्ये काम केलं, तिथे हे नीट डोळ्यांनी पाहायला मिळालं.

ते तुम्हीही पाहा, कारण त्याच्यावरच पुढचं सगळं ठरणार आहे. खुर्ची टाकीपासून दोन हात लांब ठेवून दहा मिनिटं गप्प बसा. समुद्रघोड्याचे दोन डोळे सरड्यासारखे वेगवेगळे फिरतात. एक तुमच्यावर असतो, दुसरा पाण्यात काहीतरी शोधत असतो. भक्ष्य दिसलं की दोन्ही डोळे एकदम पुढे येतात. मग शेपटीची पकड तशीच ठेवून मान वाकवत, अगदी हळू, तो तोंड भक्ष्याच्या खाली नेतो. इतकं हळू की त्या किड्याला पाण्याची हालचाल जाणवतच नाही. क्षणभर थांबतो. आणि टिक! डोकं वर उडतं, किडा नाहीसा होतो. आपल्या डोळ्यांना मधलं काही दिसत नाही, फक्त आधीचं आणि नंतरचं दिसतं. पंखा बंद असेल तर ती टिक काचेबाहेरही ऐकू येते, नखावर नख उडवल्यासारखी.

तुमच्या घोड्यांसमोर हलतं अन्न आलं की तीनपैकी एक गोष्ट होईल. डोळे त्याच्यामागे जातील, मान वाकेल, पण टिक होणार नाही. तो बुजलेला आहे, एक-दोन दिवसांत खाईल. किंवा टिक होईल पण नेम चुकेल, किंवा तोंडात घेऊन लगेच थुंकेल. एकदा-दोनदा झालं तर सोडून द्या. दर वेळी तसंच व्हायला लागलं तर तोंडाची नळी नीट बघा. टोकाशी गुलाबी-पांढरी सूज, सालपट निघाल्यासारखं काही, किंवा ती किंचित उघडीच राहिलेली दिसली तर तिथे जंतूंची लागण आहे आणि ते अन्नाने सुटणारं नाही. तिसरी गोष्ट वाईट. समोर किडा नाचतोय आणि डोळे फिरतच नाहीत, श्वास भराभर चाललाय. या दोन्हींत डॉक्टर लागेल. आणंदला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तुमच्यापासून तासाभराच्या आत. माशांचं पाहणारं कोणी आहे का, तिथे फोन करून विचारा. दुकानदाराने दिलेलं अँटिबायोटिक मनानेच टाकीत ओतू नका, फिल्टरमधले चांगले जंतू मरून पाणीच विषारी होईल.

पोटही पाहा, समोरून. घोड्याचं अंग हाडांच्या कड्यांचं असतं. खाल्लेल्याचं पोट कड्यांच्या बरोबरीने भरलेलं दिसतं, उपाशी असेल तर दोन कड्यांमध्ये खळगा पडतो. फसायची एक जागा आहे. नराच्या पोटाखाली, शेपटीच्या सुरुवातीला पिल्लांची पिशवी असते, कारण त्यांच्यात अंडी बाप सांभाळतो. ती फुगलेली पाहून 'हा जेवलाय' असं म्हणू नका. बघायचं ते पिशवीच्या वरचं पोट.

मग हलतं अन्न आणायचं कुठून? याचं खरं उत्तर आर्टेमिया. मिठागराच्या खारट पाण्यात वाढणारा हा कोळंबीचा दूरचा, सुईच्या टोकापासून बोटाच्या पेराच्या अर्ध्यापर्यंतचा भाऊबंद. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात, वर्ष-दोन वर्षं टिकतात, आणि पाण्यात पडली की दीड दिवसात त्यातून जिवंत पिल्लं निघतात. फ्रीज लागत नाही, वास येत नाही. काकूंना हे पहिल्यांदा सांगा.

कृती सोपी आहे. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, बूड कापा, झाकण घट्ट लावून उलटी टांगा. आत दीड लिटर आरओचं पाणी आणि त्यात साधारण सव्वा दोन मोठे चमचे खडेमीठ, आयोडीन नसलेलं. चिमूटभर खाण्याचा सोडा. अर्धा चहाचा चमचा अंडी. हवेच्या पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडा, म्हणजे अंडी सतत घुसळत राहतील. वरून दिवा चालू ठेवा. या दिवसांत पाणी गरम करायची भानगड नाही, बडोद्याची खोलीच पुरते. चोवीस ते छत्तीस तासांत पाणी केशरी दिसायला लागेल. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा आणि बाटलीच्या तळाशी, झाकणाजवळ टॉर्च धरा. रिकामी टरफलं वर तरंगतात, पिल्लं उजेडाकडे खाली गोळा होतात. बारीक नळीने तेवढीच केशरी धार ओढून घ्या, जुन्या सुती रुमालाच्या दुहेरी घडीतून गाळा आणि टाकीतल्या पाण्यात झटकून टाका. टरफलं मात्र टाकीत जाऊ देऊ नका. ती पचत नाहीत, घोड्याच्या आतड्यात अडकतात. पहिल्या वेळी निम्मी टरफलं येतील, हात बसायला तीन-चार बाटल्या जातात.

पण एक अडचण आहे, ती दुकानदार सांगणार नाही. ताजी पिल्लं अर्धा मिलिमीटरची असतात. तुमचे घोडे बोटाएवढे किंवा मोठे असतील तर त्यांच्यासाठी ही खसखस झाली. काही घोडे टिपतात, काही बघतही नाहीत. त्यांना मोठा आर्टेमिया हवा, सेंटिमीटरभराचा, आणि पिल्लू तेवढं व्हायला दोन आठवडे लागतात. तुमच्याकडे दोन आठवडे नाहीत. म्हणून तीन धागे एकदम चालू ठेवायचे. चिरंजीवांना सांगून मुंबईच्या दुकानाकडून मोठ्या जिवंत आर्टेमियाची पिशवी रात्रीच्या गाडीने मागवा, घोडे ज्या वाटेने आले त्याच वाटेने. इथे बाटली आजच लावा. आणि पिशवी येईपर्यंतचे दोन दिवस काढायला गप्पीची नुकती जन्मलेली पिल्लं. मलेरियावाले पाण्याच्या टाक्यांत डासांसाठी सोडतात, तोच गप्पी. कुठल्याही माशांच्या दुकानात मिळतो. ती पिल्लं खाऱ्या पाण्यात लगेच मरत नाहीत, तुटक तुटक पोहतात, आणि भुकेला घोडा त्यांच्यावर हमखास मान वाकवतो. काकूंना हे पटणार नाही, मला माहीत आहे. मलाही फार आवडत नाही. पण ते दोन दिवसांचंच काम आहे, आणि घोडा शाकाहारी करायची सोय देवाने ठेवलेली नाही.

डासांच्या अळ्याही चालतात म्हणून कोणी सांगेल. चालतात. पण घराच्या गच्चीत बादलीभर अळ्या वाढवून शेजाऱ्यांना डेंगी द्यायचा असेल तरच.

टाकताना सगळ्या टाकीत उधळू नका. तळाशी एका कोपऱ्यात काचेची बशी किंवा मोठा शिंपला ठेवा. फिल्टर आणि पाणी ढकलणारा पंप वीस मिनिटं बंद करा. मोठ्या सिरिंजला हातभर बारीक नळी लावा, आणि घोड्याच्या तोंडापासून चार बोटांवर थोडे थोडे किडे सोडा. नळी थेट अंगावर नेली की तो मान फिरवतो, मग तासभर रुसतो. अर्ध्या तासाने उरलेलं ओढून काढा आणि पंप चालू करायला विसरू नका. मी विसरले आहे, एकदा रात्रभर. सकाळी काय दिसलं ते लिहीत नाही. त्या बशीशी त्यांची ओळख झाली की आठवड्याभरात तुम्ही सिरिंज हातात घेताच ते बशीकडे येतील. तीनपैकी एकाने खायला सुरुवात केली की निम्मं काम झालं, कारण दुसऱ्याला टिपताना पाहून बुजलेलाही पुढे येतो.

त्यांना धरायला काही आहे का? फिल्टरच्या नळीला धरून बसलेत म्हणजे नसणार. समुद्रात ते समुद्री गवताला, प्रवाळाच्या फांदीला शेपूट गुंडाळून राहतात आणि तिथूनच शिकार करतात. ज्याला पकड नाही तो सगळी ताकद जागेवर राहण्यातच घालवतो. दोन-तीन प्लास्टिकची झाडं, जाड दोरखंडाचा तुकडा, काहीही चालेल, फक्त धातू नको. ती झाडं बशीच्या आसपास खोचा.

आणि ऊन! तुम्ही पत्रात तापमान लिहिलं नाही, पण मे महिन्यात मांजलपूरच्या हॉलमध्ये दुपारी टाकीचं पाणी तिशीच्या वर गेलं नसेल तरच नवल. कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि घोड्यांना त्रास देणारे जंतू फोफावतात. पाणी चोवीस-पंचवीसच्या आसपास हवं, सत्तावीसच्या वर जाता कामा नये. चिलर महाग पडतो. टाकीचं झाकण काढून टेबलफॅनचा झोत पाण्यावर सोडा, दोन-तीन अंश सहज उतरतात, त्याच्या जोडीला खोलीतला एसी. पण त्याने पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणजे टाकी दिवसेंदिवस जास्त खारट होत जाते. रोज संध्याकाळी पातळीच्या खुणेपर्यंत साधं आरओचं पाणी भरा, मिठाचं नाही. मुलाकडे खारटपणा मोजायचं यंत्र असणार, काटा १.०२३ ते १.०२५ मध्ये असू दे. त्याच्याच कपाटात टेस्ट किट सापडेल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. पाच दिवस टाकीत कुजलेले दाणे आहेत, म्हणून मला तिथेच जास्त भीती वाटते. शून्य नसेल तर खायला घालण्याआधी पाव टाकी पाणी बदला. बिघडलेल्या पाण्यात कोणीच जेवत नाही.

घोडे नीट टिपायला लागले की पोषणाचा प्रश्न येतो. नुसता आर्टेमिया म्हणजे नुसते चुरमुरे. पोट भरतं, अंगी लागत नाही. पिल्लाला पहिला अर्धा दिवस तोंडच नसतं, ते अंड्यातल्या शिदोरीवर जगतं आणि तेव्हा पौष्टिकही असतं. शिदोरी संपली की पोकळ. म्हणून मोठ्या आर्टेमियाला घोड्यासमोर सोडण्याच्या आदल्या रात्री खाऊ घालायचं. स्पिरुलिनाची पूड चिमूटभर, किंवा मत्स्यबीजाच्या केंद्रात मिळतं ते माशाच्या तेलाचं मिश्रण. किड्याचं पोट हिरवं दिसलं की चुरमुऱ्यांची भेळ झाली. लसणाचा रस लावला की भूक लागते असंही काहीजण सांगतात. मी करून पाहिलंय, हाताला वास आला, बाकी फरक दिसला नाही.

कायमचं अन्न म्हणजे गोठवलेला मायसिस, तांदळाच्या दाण्याएवढी समुद्री कोळंबी. दुकानदार 'कोळंबी' म्हणाला ती हीच असावी. जिवंत किड्यांवरून तिच्यावर आणायला दोन-तीन आठवडे लागतात. जिवंत दहा सोडताना त्यांत वितळवून धुतलेले दोन मायसिस मिसळायचे आणि नळीच्या हलक्या फुंकरीने ते नाचते ठेवायचे. जिवंतांच्या गडबडीत घोडा एखादा चुकून टिपतो. एकदा टिपला की त्याला कळतं. मग प्रमाण उलटं करत न्यायचं. दिवसातून दोन-तीनदा, एका वेळी प्रत्येकी दहा-पंधरा.

आता जे वाचून तुम्हाला बरं वाटणार नाही ते. बँकेतल्या माणसाला कागदाचं महत्त्व मी काय सांगावं! माझ्या वेळी हा मासा दुकानात उघड मिळायचा. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडच्या सगळ्या समुद्रघोड्यांना संरक्षण मिळालं. पकडणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा झाला. कारणही तसंच होतं. आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर ट्रॉलरच्या जाळ्यात ते ढिगाने यायचे, वाळवले जायचे आणि चिनी औषधांसाठी बाहेर जायचे. २००४ पासून त्यांच्या परदेशी व्यापारावरही आंतरराष्ट्रीय करारानं निर्बंध आहेत. परदेशात टाकीतच पैदा झालेले समुद्रघोडेही असतात, पण ते इथे कायदेशीर असायला आयातीची परवानगी आणि सरकारी नोंदणी हवी. 'आमच्याकडे टाकीतली पैदास आहे ना' हे दुकानदाराचं तोंडी वाक्य म्हणजे कागद नव्हे.

तेव्हा आज रात्री बंगळुरूला फोन लावा आणि 'खात नाहीत' याच्या आधी 'बिल कुठे आहे' हे विचारा. बिलावर घोड्यांची जात, आयातीचा परवाना, काही आहे का? एक खूण मी इथेच देते. टाकीत पैदा झालेला घोडा बहुतेक वेळा येतानाच गोठवलेला मायसिस ओळखतो. समुद्रातून ओढलेला ओळखत नाही. तुमचे तिघे पाच दिवस कशालाच तोंड लावत नाहीत, हे मला खटकतं. नुसत्या तेवढ्यावरून ठरवता येणार नाही, दुकानदाराने कधी मायसिस घातलाच नसेल हेही खरं. पण कागद नसेल तर ओळखीच्या वकिलाला सोबत घेऊन वनखात्याच्या कचेरीत स्वतःहून जा आणि झालं ते सांगा. कोणाला विकू नका, कोणाला भेट देऊ नका. आणि भावनेच्या भरात गाडी काढून दहेजच्या किनाऱ्यावर सोडायलाही जाऊ नका. टाकीतला रोग समुद्रात जाईल, आणि ते तिथलेच असतील याचा भरवसा नाही. सुरसागर तलावात सोडावं असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा, ते गोडं पाणी आहे.

कचेरीचं काम होईपर्यंत घोड्यांनी उपाशी राहायचं काही कारण नाही. बाटली आजच लावा.

फ्रीजचा प्रश्न राहिला. आमच्याही घरी अंडं येत नसे. आई म्हणाली, "मायसिस ठेव, पण माझ्या दुधाच्या शेजारी नको." मग मी जुन्या स्टीलच्या डब्यात, दुहेरी पिशवीत, फ्रीझरच्या मागच्या कोपऱ्यात एक जागा ठरवून घेतली, आणि त्या कोपऱ्याला घरात सगळे 'घोड्यांची ओसरी' म्हणायला लागले. काकूंना तेही नको असेल तर आर्टेमियाच्या जिवंत खुराकावर महिना-दोन महिने निघतात, फक्त बाटल्यांची साखळी तुटू द्यायची नाही, एक दिवसाआड नवी लावायची. त्या अंड्यांच्या डब्यावर मात्र मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि तो स्वयंपाकघरात अजिबात ठेवू नका. ती अंडी दिसायला हुबेहूब भाजलेल्या खसखशीसारखी असतात. आमच्याकडे एका दिवाळीत आईने अनारसे थापायला घेतले होते, डबा उघडून चिमूट हातात घेतलीही होती. मी वेळेवर पोहोचले म्हणून.